जवारी : मिरचीची की तंबोऱ्याची?

टिळकवाडीकर : वडिलांचे जुने स्पीकर बेळगावच्या खडे बाजारात दुरुस्तीला दिलेत. मिस्त्री म्हणाला, "ह्येला जवारी हाय बगा. टाकू नकासा." तिथं मान डोलावली आणि घरी येऊन विचारात पडलो. ही जवारी कुठली?

खानापूरकर : मिरचीची! आपल्याकडे जवारी म्हणजे अस्सल देशी, कन्नडातही तेच. जवारी कोंबडी, संकेश्वरी जवारी मिरची. बाकीचं सगळं हायब्रीड. पुण्याच्या पाहुण्यांना मात्र 'गावरान' म्हणून सांगावं लागतं.

शहापूरकर : मला तंबोऱ्याची वाटते. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा सपाट दिसला तरी त्याला किंचित बाक असतो. तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवत गेलं की एका जागी तार घोडीला निसटती घासते आणि नुसत्या 'टण्'ऐवजी स्वर झणझणत उलगडतो, वरचे स्वरही त्यात ऐकू येतात. ती जवारी. मिरजेला तंबोरा नेतात तो 'जवारी काढायला'. गवयाच्या गळ्यालाही जवारी आहे म्हणतात.

पण घरच्या हाय-फायमध्ये ती यायची कुठून? चांगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर पदरचं काही घालत नाही, घालूही नये. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, त्यातही सिंगल-एंडेड (अख्खी लहर एकाच नळीतून जाते असा) असेल तर मूळ स्वरात दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर थोडा मिसळतो. कित्येकांना तो गोड लागतो. त्याला जवारी म्हणा, माझी हरकत नाही. आवाज सुधारतो म्हणून विकतात त्या महागड्या वायरींना मात्र म्हणू नका! आवाजाचा स्वभाव ठरतो तो स्पीकरवर, आणि मग खोलीवर.

खानापूरकर : खोलीचं पटलं. आमच्याकडे फरशीची उघडी खोली, स्पीकर कोपऱ्यात. डग्ग्याचा घुमारा ऐकायला बसावं तर सगळी खोलीच घुमायची. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढं ओढले, खाली घोंगडं अंथरलं, तेव्हा डग्गा सुटा झाला. घुमारा वाद्याचा, घुमणं खोलीचं. हे दोन शब्द एकात घालू नयेत.

टिळकवाडीकर : आज मिस्त्रीलाच विचारलं. "जवारी म्हंजे लाकडी खोकं, कागदी कोन, जुनं अस्सल काम वो." म्हणजे मिरचीच. पण जाळी काढली तर कोनाभोवतीची, म्हणजे आवाज काढणाऱ्या कागदी शंकूभोवतीची, फोमची कड पार झडलेली. बोट लावलं तर काळी चिकट पूड हाताला आली. खर्जात जे झणझणायचं आणि इतकी वर्षं मला गोड लागायचं, ते हेच. शहापूरकर, हसू नकासा.