जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये चाहत्यांनी फेरफार करावेत का? नागपूरकरांनो, बोला

बर्डीची_कॅसेट
मत आधीच सांगतो. कन्सोलवरचे जुने साहसी गेम आजही खेळले जातात ते चाहत्यांमुळे, कंपन्यांमुळे नाही. परवा धरमपेठेत गप्पा चालल्या असताना एकाने 'झेल्डा' मालिकेतल्या 'अ लिंक टू द पास्ट'चं रँडमायझर लावलं. त्यात पेट्यांमधल्या वस्तूंच्या जागा दर नव्या खेळात बदलतात. दुसरा मित्र म्हणाला, १९९१ च्या गेमचा हा अपमान आहे. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून हा धागा.

'मदर ३' घ्या. २००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या कन्सोलवर आला, फक्त जपानीत. निन्टेन्डोने इंग्रजी आवृत्ती काढली नाही. शेवटी चाहत्यांनीच ऑक्टोबर २००८ मध्ये इंग्रजी पॅच काढला आणि फुकट वाटला. आई गेल्यावर विखुरलेल्या एका घराची ती गोष्ट जपानबाहेर पोचली ती त्या पॅचमुळे.

आणि पॅच म्हणजे गेमची नक्कल नाही. कुठल्या जागचा बाइट काढून तिथे कुठला बसवायचा, एवढीच यादी त्यात असते. मूळ गेम नसेल तर ती फाइल बिनकामाची.

माझं म्हणणं असं की असाच एक मराठी पॅच नागपुरातून निघावा. १९८६ चा 'ड्रॅगन क्वेस्ट' घेऊ. अख्खा गेम ६४ किलोबाइटचा, मजकूर झेपेल इतका.

महालचा_गडी
भाऊ, भाषांतर आणि फेरफार तू एकाच मापाने मोजून राहिला. भाषांतराला माझी ना नाही. फेरफाराला आहे.

'सुपर मेट्रॉइड' (१९९४) आठव. एका खोल जागी आपण उतरतो आणि वर जायला वाट दिसत नाही. तिथे तीन छोटे प्राणी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उड्या मारत वर जातात. एक अक्षर लिहिलेलं नाही. बघायचं, तसं करून पाहायचं, आणि भिंतउडी आपल्याला येते. बनवणाऱ्यांनी खेळणाऱ्यावर किती विश्वास टाकला होता बघ! आता त्याच गेमचे हॅक, म्हणजे चाहत्यांनी फेरफार केलेल्या आवृत्त्या, उघड. बऱ्याच हॅकमध्ये ती उडी आधीपासून येत असल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. झेल्डाचा 'पॅरलल वर्ल्ड्स' हॅक तर अवघडपणासाठीच ओळखला जातो. हॅक करणाऱ्याला मूळ गेम तोंडपाठ असतो, म्हणून तो तोंडपाठवाल्यांसाठीच बनवतो. माझ्या भाचीने पहिल्यांदा खेळायला घेतलं तर तिच्यासाठी त्यात काय आहे? जिवंत ठेवलं म्हणता, ते कोणासाठी?

सदरची_वकील
कायद्याचं थोडं बोलते. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२(१)(एडी) आहे. स्वतः कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून, पैसे न कमावता, वैयक्तिक वापरासाठी संगणक प्रोग्रामचं रूपांतर केलं तर ते उल्लंघन नाही. म्हणजे घरी बसून 'ड्रॅगन क्वेस्ट' मराठीत करा, खुशाल करा. पण पॅच जगाला वाटला की तो वैयक्तिक वापर राहतो का? माझ्या मते तिथे तुमची बाजू लंगडी पडते.

'क्रोनो ट्रिगर' या गेमवरचा 'क्रिमसन एकोज' हा हॅक पूर्ण होत आला होता. २००९ मध्ये स्क्वेअर एनिक्स कंपनीची नोटीस आली आणि काम थांबलं. ऑगस्ट २०१६ मध्ये 'मेट्रॉइड २'ची चाहत्यांनी नव्याने केलेली आवृत्ती आली. निन्टेन्डोने काही दिवसांतच तिच्या डाउनलोडच्या जागा बंद पाडल्या. त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती. उद्या आपल्या पोरांच्या वाट्याला हे आलं तर मला फार वाईट वाटेल.

इतवारीचा_नाना
तुम्ही सारे असं बोलून राहिले जसं काही आपण अस्सल गेम खेळूनच मोठे झालो. नव्वदच्या दशकात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळायची ती पिवळी कॅसेट, '९९९९ इन १' लिहिलेली. आत मोजके गेम, बाकी त्यांचेच फेरफार. मारिओ मधल्याच लेव्हलपासून सुरू, कुठे पहिल्या पडद्यावरून बनवणाऱ्याचं नाव खोडलेलं. कूलरपुढे बसून आपण हॅकच खेळत होतो.

पहिला 'झेल्डा' त्या कॅसेटवर का नव्हता तेही सांगतो. मारिओ ४० किलोबाइटचा. झेल्डा १२८ चा, वर खेळ जपून ठेवायला कॅसेटमध्ये बॅटरी. स्वस्त कॅसेटला ते परवडत नव्हतं. म्हणून साहसी गेमची अख्खी परंपराच आपल्या पिढीच्या हातून निसटली. ती आता कुणी मराठीत आणतो म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे.

महालचा_गडी
नाना, नावं खोडून धंदा करणाऱ्यांचं उदाहरण तुमच्या बाजूचं कसं? ते तर माझ्या बाजूचं आहे.

इतवारीचा_नाना
म्हणूनच सांगतो बाबू. आजचे पॅचवाले नाव खोडत नाहीत, पैसा घेत नाहीत. फरक तोच आहे.

अंबाझरी_पिक्सेल
कुणी देवनागरीचं बोलत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट' ज्यावर चालतो त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलवर चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनतं आणि मागच्या पडद्याला एका वेळी असे २५६ तुकडेच मिळतात. काना-मात्रा, जोडाक्षरं, रफार, सगळं त्यातच बसवायचं.

पण 'ड्रॅगन क्वेस्ट' निवडलात ते उत्तम. जपानी अक्षरांवर दोन टिंबं किंवा छोटं वर्तुळ येतं. ते अक्षरासोबत ८ बाय ८ मध्ये नीट मावत नाही, म्हणून या गेममध्ये वरची ओळ त्यासाठी राखून ठेवली आहे. आपली मात्रा, वेलांटीचा वळसा, अनुस्वार तिथे आयते बसतील! शिरोरेषा तुकड्याला तुकडा लागला की आपोआप जुळते. उकार आणि ऋकार मात्र खाली जागा मागतात. त्यासाठी एक तर ओळी वाढवा, नाहीतर उकारासकट वेगळे तुकडे काढा, आणि मग २५६ अपुरे पडतात. जोडाक्षरांना अर्धी अक्षरं काढून भागेल. मी कागदावर आखून पाहते आहे, जमेल असं वाटतं.

बर्डीची_कॅसेट
ताई, हेच हवं होतं!

गड्या, तुझ्या भाचीचा मुद्दा मला मान्य आहे, पण फेरफार करणारा त्यातूनच शिकतो हे तू सोडून देतोस. टोबी फॉक्सने २००८ मध्ये 'अर्थबाउंड' या गेमचा हॅक केला आणि २०१५ मध्ये स्वतःचा 'अंडरटेल' हा गेम आणला. वकीलताई म्हणाल्या ती मेट्रॉइडची आवृत्ती करणारा माणूस पुढे 'ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स' या गेमच्या लेव्हल बनवायला घेतला गेला. ती वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही.

महालचा_गडी
मग शिकण्यापुरतं कर, आणि पुढचं स्वतःचं कर. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात, सोबत बडग्यांचे. गावची ईडा-पीडा घेऊन जाणारी ही मिरवणूक कुणा दुसऱ्याच्या गेममध्ये राक्षसाच्या जागी चिकटवलेली मला चालणार नाही. तिला तिचा स्वतःचा गेम पाहिजे. जीबी स्टुडिओ फुकट आहे, त्यात गेम बॉयवर चालणारा गेम बनतो. तो करणार असाल तर गल्ल्यांचा नकाशा मी काढून देतो. पॅचला मात्र माझं नाव लावू नका.

सदरची_वकील
पॅच करणारच असाल तर आधी एक सांगा. 'ड्रॅगन क्वेस्ट'ची अस्सल जपानी कॅसेट तुमच्यापैकी कोणाकडे आहे?