नोकरी शोधताना ओळखी कशा कामी आल्या? तुमचे अनुभव लिहा

मागच्या ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. वय ४४, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अठरा वर्षं. पहिला दीड महिना घराबाहेर कोणालाही कळू दिलं नाही. रोज सकाळी लॅपटॉप उघडून अर्ज भरायचे. शंभरावर अर्ज गेले, फोन आले तीन. 'वशिल्याने चिकटलाय' हे आमच्या घरात फार वाईट बोलणं समजलं जायचं, त्यामुळे कोणाला फोन करणं म्हणजे हात पसरणं असंच वाटायचं.

एका लग्नात जुनी सहकारी भेटली. 'सध्या कुठे?' म्हणाली आणि मी खरं ते सांगून टाकलं. तिने एकाचं नाव दिलं, त्याने दुसऱ्याचं. त्या दुसऱ्याच्या कंपनीत चार फेऱ्या झाल्या आणि जानेवारीत मी रुजू झाले. चारही फेऱ्या माझ्या मीच पार केल्या. ओळखीने फक्त दार दाखवलं. हा फरक मला फार उशिरा कळला, म्हणून हा धागा. कोणाला गाठलंत, नेमकं काय बोललात, काय फसलं, सगळं लिहा.

मेंटेनन्सवाला, चाकण
आमच्याकडे बेअरिंग, हायड्रॉलिक्स, कटिंग टूल विकायला सेल्स इंजिनिअर येतात. ही मंडळी चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी सगळीकडे फिरतात. कुठे नवी लाइन बसतेय, कुठल्या प्लांटचा मेंटेनन्स हेड राजीनामा देऊन बसलाय, हे त्यांना एचआरच्या आधी कळतं. आमचा प्लांट एका शिफ्टवर आला तेव्हा मी चौघांना सांगितलं. नवव्या दिवशी हायड्रॉलिक्सवाल्याचा फोन आला: रांजणगावला प्रेस बसतेय, कमिशनिंगला, म्हणजे ती बसवून चालू करून द्यायला, माणूस हवाय. हा माणूस वर्षातून तीनदा भेटायचा. पण गेटवर ताटकळत न ठेवता मी त्याला आत बसवून चहा पाजायचो, ते त्याच्या लक्षात होतं. सख्खा भाऊ त्याच एमआयडीसीत आहे, पण तो मला माहीत होतं त्यापलीकडचं काही सांगू शकला नाही.

समाजशास्त्र शिकवते
वरच्या अनुभवाचं कारण मी दरवर्षी वर्गात शिकवते. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे. त्यांचा लेख १९७३ चा. जवळची माणसं आपल्याच वर्तुळात वावरतात, म्हणून त्यांची माहितीही आपल्याजवळ असते तीच. चहा प्यायलेला तो सेल्स इंजिनिअर दुसऱ्या वर्तुळातून आला होता.

ढोलवादक, न्यू जर्सी
एच-वनबी या अमेरिकेतल्या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल करायला हवा. पथकाच्या ग्रुपवर मी आधी लिहिलं, 'जॉब गेलाय, काही असेल तर बघा.' उत्तरादाखल हात जोडलेल्या इमोजींची रांग. लोकांना वाईट वाटत होतं, पण करायचं काय ते कळत नव्हतं. आठवड्याने पुन्हा लिहिलं: 'डेटा इंजिनिअर, नऊ वर्षं, हेल्थ इन्शुरन्स क्लेम्सचं काम. खालच्या सहा कंपन्यांत जागा आहेत, लिंक देतोय. तिथे कोणी ओळखीचं आहे का? मला पंधरा मिनिटं बोलायचंय. ४८ दिवस उरलेत.' संध्याकाळपर्यंत तीन नावं आली. दोन वर्षं माझ्या शेजारी उभा राहून ताशा वाजवणाऱ्याची बायको त्यातल्या एका कंपनीत होती, हे मला माहीतही नव्हतं. ५१ व्या दिवशी अर्ज दाखल झाला.

एचआरमध्ये आहे
आतली बाजू सांगते. रेफरल, म्हणजे कंपनीतल्या माणसाची शिफारस, हवा असेल तर आधी स्वतः अर्ज करू नका. बऱ्याच कंपन्यांच्या पोर्टलवर तुमचा ईमेल आधीच नोंदलेला असला, की रेफरल जोडलाच जात नाही. जागेचा जॉब आयडी, रेझ्युमे आणि 'मी या जागेला का योग्य' हे चार ओळींत लिहून पाठवा, म्हणजे समोरच्याला ते पुढे पाठवायला दोन मिनिटं पुरतात. रेफरलने रेझ्युमे वाचला जाण्याची शक्यता वाढते, निवडीची खात्री मिळत नाही.

सावध राहा
'आत ओळख आहे' म्हणून एकाने माझ्याकडून ४० हजार घेतले. ऑफर लेटर बनावट निघालं. ओळखीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले की तिथेच थांबा.

उदगीरचा
सगळं वाचलं. पण आमच्यासारख्यांनी काय करायचं, ज्यांच्या घरात ऑफिसात जाणारं कोणीच नाही? वडील अडतीवर हमाली करतात. नातेवाइकांत सगळ्यात मोठी ओळख म्हणजे एसटीतले मामा. डिप्लोमा झाल्यावर पुण्यात खोली घेऊन पाच महिने बसलो.

मग कॉलेजच्या सरांकडून मागच्या आठ बॅचच्या मुलांची नावं घेतली आणि लिंक्डइनवर एकेकाला शोधून लिहिलं. नोकरी मागितली नाही. 'सर, मी आपल्याच कॉलेजचा. तुम्ही पीएलसी प्रोग्रॅमिंग कुठे शिकलात आणि पहिल्या सहा महिन्यांत काय काम दिलं होतं?' एवढंच. (पीएलसी म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणारा कंट्रोलर.) ३४ जणांना लिहिलं, अकरा जणांनी उत्तर दिलं. एकाने रविवारी खोलीवर बोलावून जुन्या किटवर दोन तास शिकवलं. जेवूनच जा म्हणाला. पुढचे चार रविवार गेलो, दर वेळी मागचं काम करून दाखवलं. पाचव्या रविवारी तो म्हणाला, 'आमच्या पॅनेलवाल्याला मुलगा हवाय, उद्या सकाळी साडेनऊला ये.'

पगार तेरा हजार होता. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन त्याच्याकडे गेलो. आता दर जूनमध्ये मलाही मेसेज येतात. इंग्रजी चुकलेलं असतं, माझंही होतं. मी सगळ्यांना उत्तर देतो.

धागाकर्ती
उदगीरचा, तुमचा अनुभव मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडे टेस्टिंगला फ्रेशर घेतात. तुमच्या ज्युनिअर्सपैकी कोणाला या कामाबद्दल विचारायचं असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करायला सांगा. रविवारी दुपारी मी मोकळी असते.