सिटीज स्कायलाइन्स: प्रत्येक रस्त्याखाली पाइप कशाला?

निळीरेघ: काल इथे कुणीतरी शहर उभारण्याच्या या कॉम्प्युटर गेममधल्या नवख्यांना सल्ला दिलाय, 'प्रत्येक रस्त्याखाली पाइप टाका, चिंता मिटेल.' वाचून राहवलं नाही. पाइपच्या दोन्ही बाजूंना निळा पट्टा दिसतो तो कशासाठी? पट्ट्यात येणाऱ्या इमारतीला पाणी मिळतं, सांडपाणीही त्याच पाइपने जातं. समांतर पाइपांचे पट्टे कडेला जेमतेम भिडले की झालं. मधले पाइप म्हणजे निव्वळ खर्च, वर कायमची देखभाल. सुरुवातीला हातात खेळातल्या पैशांत ७०,००० असतात. रस्ते, वीज, पंप सगळं त्यातच बसवायचं.

ग्रिडप्रेमी: सल्ला माझाच. रस्ता जरा वळवला की चार घरं पट्ट्याबाहेर जातात आणि डोक्यावर पाणी नसल्याचं थेंबाचं चिन्ह लुकलुकतं. परत जमिनीखाली जाऊन जोडत बसा! शहर मोठं झाल्यावर पाइपचा खर्च कोण मोजतं?

निळीरेघ: शहर मोठं होण्याआधीच नवखे कर्ज काढतात, त्याचं काय?

वळणवाट: पाइपांवर काय भांडताय! शहर आजारी पडतं ते सांडपाण्याने. प्रवाहाची दिशा न बघता सांडपाण्याचं तोंड वर आणि पंप खाली. आणि लहान नदीवर पंपांची रांग लावली तर प्रवाहच उलटतो. माझा पंप वरच्या अंगाला होता, तरी घाण ओढली गेली. अख्खी वस्ती रिकामी झाली.

ग्रिडप्रेमी: मग नदी सोडा, जमिनीतलं पाणी ओढणाऱ्या टाक्या उभारा.

वळणवाट: टाकी पंपाच्या निम्मंच पाणी देते. शिवाय कारखान्यांशेजारची जमीन दूषित असली की टाकीतही तेच विष. खेळून बघता का कधी, की नुसतं लिहिता?

ग्रिडप्रेमी: तोंड सांभाळून बोला. टाक्या कारखान्यांपासून लांब ठेवायच्या, एवढं गृहीत आहे.

नकाशेवाली: शुद्धीकरण केंद्र खुलं होईपर्यंत सांडपाणी नकाशाच्या कडेला, प्रवाहाच्या अगदी शेवटी सोडा. त्यासाठी एक लांब पाइप लागला तर लागू दे. तिथे काटकसर नको.

ग्रिडप्रेमी: २०२३ साली आलेल्या या गेमच्या दुसऱ्या भागात पाइप रस्त्यातच आले. म्हणजे बनवणाऱ्यांनाही माझंच पटलं.

निळीरेघ: २०१३च्या सिमसिटी या शहर उभारण्याच्या दुसऱ्या गेमनेही तेच केलं होतं. त्यात आखणीचा विचारच उरत नाही, म्हणून मी पहिलाच भाग खेळते. मुख्य रस्त्याखाली पाइप टाकला तर शोधायला सोपा जातो, एवढं तुमचं मान्य. गल्लीबोळांत नाही.

वळणवाट: आणि पंप किती, ते कुणीच बोललं नाही. मागणी वाढेल तसा एकेक वाढवा, आधीच पाच लावू नका.