मदत हवी आहे: उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवसांतल्या) ओहोटीची किनारारेषा कशी काढावी?

नमस्कार मंडळी,

मी रायगडच्या किनाऱ्यावरचा. भूगोलात एमएससी केलंय, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर रोजच्या हातातलं. गावच्या मच्छीमार सोसायटीसोबत सागरी सुरक्षेसाठी एक नकाशा करतोय: लहान होडी कुठे आणि भरती-ओहोटीच्या कोणत्या पाण्याला किनाऱ्याला लागू शकते, याचा. १९९३ साली आरडीएक्स आमच्याच जिल्ह्यात शेखाडीला उतरलं. २००८ साली 'कुबेर' ट्रॉलर पळवून आलेले अतिरेकी शेवटी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. मोठ्या बंदरात कोणीच गेलं नाही. म्हणून या लहान जागा नीट नोंदवलेल्या हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

अडचण अशी. नकाशात किनारा म्हणजे एकच रेघ. परवा एका काकांना लॅपटॉपवर दाखवली, तर खाडीच्या तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "इथे भांगाला होडी लागते रे, पण उधाणाच्या सुकतीला नुसता चिखल. माणूस मांडीपर्यंत रुततो." (भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी, सुकती म्हणजे ओहोटी.) माझ्या नकाशात तिथे कायम पाणी!

कारण शोधलं. सेंटिनेल-२ हा उपग्रह आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास फोटो घेतो. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईकडे भरती असते दुपारी बारा-एकला, ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहा-सातला. म्हणजे कितीही वर्षांची चित्रं जमवली तरी उधाणाची पूर्ण ओहोटी त्यांत सापडतच नाही. सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाचं रडार मात्र सकाळी साडेसहाच्या आसपास जातं, अगदी हवी ती वेळ. पण त्यात ओला चिखल आणि शांत पाणी दोन्ही सारखेच काळे दिसतात. वेगळे कसे करायचे? कुणी केलंय का?

(जागांची यादी इथे टाकणार नाही, कृपया मागू नका.)

प्रतिसाद

दादा, वाऱ्याच्या दिवसांची चित्रं निवडा. वाऱ्याने पाणी खरबरीत झालं की व्हीव्ही (उभ्या रडार लहरी पाठवून उभ्याच टिपलेल्या) चित्रात ते उजळतं, गुळगुळीत चिखल काळाच राहतो. हिवाळ्यातल्या सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून जून ते सप्टेंबरमधल्या अमावास्या-पौर्णिमा घ्या. रडारला ढगांची अडचण नाही. चित्राची वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटी तक्त्याशी लावा आणि पाण्याची उंची प्रत्येक चित्रापुढे लिहून ठेवा. खाडीत आत मात्र वारा पोचत नाही, तिथे ही युक्ती चालणार नाही.

धागाकर्ता

खूप आभार! पावसाळी चित्रं मी ढगांच्या धास्तीने उघडलीच नव्हती. पण पावसाळ्यात चिखल सरकतो, तेव्हा ऑक्टोबरच्या अमावास्येला काकांबरोबर पहाटे मोबाइलचं जीपीएस चालू ठेवून पाण्याच्या कडेने चालतो. खाडीच्या आतल्या भागासाठी अजून कुणाला काही सुचतंय का?