‘स्थानिक वेळ’: नेमक्या कोणत्या स्थानाची?

प्रश्न: विमान-सिम्युलेटरच्या सेटिंगमधील ‘लोकल टाइम’साठी ‘स्थानिक वेळ’ हा शब्द पुरेसा आहे का? विमान काठमांडूच्या धावपट्टीवर उभे करून तेथील वेळ ११:४५ ठेवली, की झुलू वेळ (म्हणजे ग्रीनिचची, जगभर वैमानिक वापरतात ती वेळ) ०६:०० दिसते आणि माझ्या संगणकाचे घड्याळ तिसरीच वेळ दाखवत असते. मग यांतली ‘स्थानिक’ कोणती?

उत्तर: शब्द चुकीचा नाही, अपुरा आहे. प्रत्यक्ष उड्डाणात वैमानिक आणि विमान एकाच जागी असतात, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. सिम्युलेटरमध्ये मात्र माणूस एकीकडे आणि विमान दुसरीकडे असते. फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमध्ये आरंभीची तारीख व वेळ देण्याचे तीन पर्याय आहेत आणि त्यांच्या नावांच्या शेवटी ‘सिस’, ‘जीएमटी’ व ‘लॅट’ असे येते, म्हणजे अनुक्रमे संगणकाची, ग्रीनिचची आणि विमान असेल तेथील वेळ. या धर्तीवर मी ‘संगणकवेळ’ आणि ‘विमानस्थळवेळ’ असे शब्द सुचवतो. ‘झुलू’ तसाच राहू द्यावा. वेळेच्या पट्ट्यांना (टाइम झोनना) इंग्रजी अक्षरे दिलेली आहेत; त्यांत शून्य रेखांशाच्या पट्ट्याला दिलेल्या ‘झेड’ या अक्षराचा तो रेडिओवरील उच्चार आहे. त्याच अक्षरमालेत ‘जे’ कोणत्याही पट्ट्याला न देता निरीक्षकाच्या स्वतःच्या वेळेसाठी राखून ठेवले आहे, हे येथे फार अर्थपूर्ण वाटते.

प्रतिसाद: ‘विमानस्थळ’ हा शब्द घाईत ‘विमानतळ’ असाच वाचला जातो, आणि अटलांटिकच्या मध्यावर असलेल्या विमानाखाली तळ कुठला? शिवाय ‘टाइम झोन’ला ‘कालविभाग’ म्हटले, की इतिहासातील कालखंड आठवतात.

उत्तर: दोन्ही आक्षेप मान्य. ‘विमानाची स्थानिक वेळ’ लांब असले तरी निःसंदिग्ध आहे, आणि ‘टाइम झोन’साठी ‘वेळेचा पट्टा’ मला अधिक रुचतो, कारण विमान खरोखरच एकामागून एक पट्टे ओलांडत जाते. जानेवारीत लंडनहून झुलू १२:०० वाजता निघून आठ तासांनी न्यूयॉर्कला उतरलात, तर झुलू वेळ २०:०० आणि तेथील घड्याळात दुपारचे ३ असतील. सूर्य आकाशात कुठे दाखवायचा, हे झुलू वेळ, तारीख आणि अक्षांश-रेखांश यांवरून काढता येते. पट्टा ओलांडताना घड्याळाचा आकडा तासाने मागे सरकतो, सावल्या मात्र जागच्या हलत नाहीत. म्हणूनच सेटिंगमध्ये ‘स्थानिक’च्या आधी ‘विमानाची’ हा शब्द हवाच.