मदत हवी आहे: बहिणीला एमएस, ईबीव्ही पॉझिटिव्ह. मग प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध कशाला?

सागरवारा
वेळ नाही, थोडक्यात लिहितो. धाकट्या बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्याच्या मज्जातंतूंचा आजार) निघालाय. डॉक्टर म्हणतात रिटुक्सिमॅब (तेच प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध) सुरू करू, पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा. नेटवर वाचलं तर जिथे तिथे हेच, की एमएस एपस्टाइन-बार विषाणूमुळे (ईबीव्ही) होतो. म्हणून इथल्या लॅबमध्ये तिची ईबीव्हीची तपासणी करून घेतली. पॉझिटिव्ह! आकडा ठळक अक्षरात, मर्यादेच्या कितीतरी वर. आता मला सांगा, अंगात विषाणू असताना आधी विषाणू मारायचा की प्रतिकारशक्तीच मारायची? डॉक्टरांना विचारलं तर "त्याचा काही उपयोग नाही" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला. ॲसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध कुठल्याही मेडिकलात मिळतं. डोस किती, किती दिवस घ्यायचं, कुणाला अनुभव आहे का? धीर धरा, सकारात्मक राहा वगैरे कृपया नको.

कुमुद_ठाणे
वय किती तिचं? सुरुवात कशाने झाली, डोळा, पाय, तोल? एमआरआय नुसता मेंदूचा की मणक्याचाही? पाठीतलं पाणी तपासलं का? मी स्वतः एमएसवाली आहे आणि रिटुक्सिमॅबवरच आहे, म्हणून विचारते. आणि मनाने काही सुरू करू नका.

सागरवारा
वय २६. एमआरआय वगैरे सगळं डॉक्टरांनी बघितलंय हो. एमएस नक्की झालाय. माझा प्रश्न औषधाचा आहे.

नंदूकाका
आमच्या साडूंना अशाच मुंग्या येत होत्या. सगळ्यांनी घाबरवलं. शेवटी मानेचा मणका निघाला, पट्टा लावला, आता रोज फिरायला जातात. बी१२ तपासून घ्या. शाकाहारी लोकांत हमखास कमी असतं.

तिरकस
काका, मुंग्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढलेला नाही.

प्रयोगवही
सागरवारा, रिपोर्टवर नेमकं काय लिहिलंय? आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) की आयजीजी (जुन्या)?

सागरवारा
व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह, ईबीएनए आयजीजी पॉझिटिव्ह. आयजीएम निगेटिव्ह. पण आकडा बघा ना, खूप जास्त आहे.

प्रयोगवही
म्हणजे संसर्ग जुना आहे, बहुधा लहानपणचा. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांचा रिपोर्ट असाच येतो. तुमचा येईल, माझा येईल, त्या लॅबवाल्याचाही येईल. आपल्याकडे बहुतेकांना तो साध्या तापात होऊन जातो, घरात कुणाला पत्ताही लागत नाही. आकडा मोठा म्हणजे आत्ता अंगात विषाणूचा सुळसुळाट आहे, असं नाही. एमएसच्या रुग्णांत ईबीएनए या विषाणूच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सरासरीने जास्त असतात हे खरं, पण त्यावरून उपचार ठरत नाहीत. तुमचे डॉक्टर "उपयोग नाही" म्हणाले ते या अर्थाने असावं. दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती, एवढं मात्र खरं.

सागरवारा
म्हणजे विषाणूचा संबंध नाही? मग ते सगळे लेख खोटे?

प्रयोगवही
संबंध आहे, आणि भक्कम आहे. जानेवारी २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये हार्वर्डच्या ॲशेरिओ यांच्या गटाचा अभ्यास आला. अमेरिकी सैन्यातल्या लोकांचं एचआयव्ही तपासणीसाठी ठरावीक काळाने रक्त घेतात आणि उरलेले नमुने जपून ठेवतात. एक कोटीहून जास्त लोक, वीस वर्षं. त्यांतल्या ९५५ जणांना नोकरीच्या काळात एमएस झाला. ज्यांचे नमुने मिळाले अशा ८०१ जणांपैकी एक सोडून सगळ्यांना आजाराआधी ईबीव्ही होऊन गेला होता. ईबीव्ही झाल्यावर धोका ३२ पट. सायटोमेगॅलोव्हायरसही लाळेतून पसरतो, पण त्याने धोका वाढला नाही. माझ्या मते सगळ्यांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन वाढतं. ते ईबीव्हीच्या संसर्गानंतरच वाढायला लागलेलं दिसलं, आधी नाही.

तिरकस
एक शंका. नव्वद टक्के जनतेला विषाणू आणि एमएस लाखात मोजक्यांना. हे कसलं कारण?

प्रयोगवही
लागणारं, पण एकट्याने पुरं न पडणारं. एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा जनुकाचा प्रकार असेल तर धोका वाढतो. धूम्रपान, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही हातभार. आणि संसर्गाचं वय. युरोप-अमेरिकेत बऱ्याच जणांना ईबीव्ही पौगंडावस्थेत गाठतो, घसा सुजतो, गाठी येतात, आठवडेच्या आठवडे थकवा. अशांना पुढे एमएस होण्याचं प्रमाण जास्त. आपल्याकडे एमएस तुलनेने कमी असण्याचं हे एक संभाव्य कारण मानतात.

दादरचा_दिनू
अवांतर: मुंबईतल्या पारशी समाजात एमएसचं प्रमाण इतर मुंबईकरांपेक्षा जास्त असल्याचं १९८०च्या दशकातल्या पाहणीत दिसलं होतं. हवा तीच, पाणी तेच. आमच्या शेजारच्या आंटी होत्या, काठी घेऊन चालायच्या पण स्कूटर कुणाला हात लावू देत नसत.

वैद्यबुवा
इतकी चर्चा आणि मुळाकडे कुणाचं लक्ष नाही. विषाणू वाढतो कारण व्याधिक्षमत्व कमी. गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ, सोबत अश्वगंधा. प्रतिकारशक्ती वाढली की विषाणू आपोआप जातो. ॲलोपथी उलटंच करते, हे धागाकर्त्याने बरोबर ओळखलंय.

प्रयोगवही
नाही. एमएसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिने चुकीचं लक्ष्य धरलेलं असतं. तीच आणखी चेतवायची? कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे, आणि त्यांतल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून आजार होते.

वैद्यबुवा
त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता, तेही सांगा. वनस्पतीच चुकीची ओळखली गेली असावी, असं होतं.

प्रयोगवही
घेतला होता. त्यानंतर देशातल्या बऱ्याच रुग्णालयांनी मिळून आणखी रुग्ण नोंदवले, तेही सांगतो.

मीनल७
कुणी लिहिलं नाही म्हणून. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करता येतो. रिपोर्टच्या झेरॉक्स जास्तीच्या ठेवा.

सागरवारा
कार्डाचं नंतर बघू हो. मूळ प्रश्न तसाच राहिलाय. विषाणूचा हात आहे असं तुम्हीच म्हणता, मग रिटुक्सिमॅब का, ॲसायक्लोव्हिर का नाही?

प्रयोगवही
सांगतो. ईबीव्ही रक्तातल्या बी पेशींत शिरतो, तेही प्रतिपिंडं बनवणाऱ्या कुळातल्या पेशींत. पहिला जोर ओसरला की तो स्मृती बी पेशींमध्ये पोटभाडेकरूसारखा गुपचूप राहतो, आणि आयुष्यभर राहतो. ॲसायक्लोव्हिर चालतं ते विषाणू स्वतःच्या प्रती काढत असताना. झोपलेल्या विषाणूवर त्याचा परिणाम नाही. एमएसच्या रुग्णांवर त्याच्या छोट्या चाचण्या १९९०च्या दशकातच झाल्या, पण ठोस फायदा सिद्ध झाला नाही.

आता दुसरी बाजू. ईबीव्हीचं ईबीएनए१ हे प्रथिन आणि मेंदूतल्या ग्लायल पेशींवरचं ग्लायलकॅम हे प्रथिन, दोन्हींचा एक तुकडा सारखा दिसतो. स्टॅनफर्डच्या गटाने २०२२ मध्येच 'नेचर'मध्ये दाखवलं की रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यातल्या बी पेशींची काही प्रतिपिंडं दोन्हींना चिकटतात. सगळ्या रुग्णांत हे सापडत नाही, त्यामुळे हीच एकमेव वाट असं समजू नका. शिवाय बी पेशी नुसती प्रतिपिंडं बनवत नाहीत. त्या टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) "हा बघ शत्रू" असं दाखवतात, मग टी पेशी मेंदूत शिरतात आणि मायलिनवर (मज्जातंतूंवरचं आवरण) तुटून पडतात.

रिटुक्सिमॅब ज्या बी पेशींवर सीडी२० नावाचं प्रथिन आहे त्यांना काढून टाकतं. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतं, म्हणून प्रतिपिंडांची पातळी लगेच पडत नाही. तरी नवे अटॅक मात्र लवकर थांबतात. त्यावरूनच बी पेशींचं हे दुसरं काम लक्षात आलं. म्हणजे तुम्ही "प्रतिकारशक्ती मारायची" म्हणता, तिथे प्रत्यक्षात विषाणूचं राहतं घरच पाडलं जातंय. फायदा नेमका त्यामुळे होतो का, यावर अजून वाद आहे. पण फायदा होतो यावर वाद नाही. याच जातीचं ऑक्रेलिझुमॅब अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं. रिटुक्सिमॅब स्वस्त पडतं म्हणून आपल्याकडे जास्त वापरतात, स्वीडनमध्येही सर्रास वापरतात.

तिरकस
+१. वाचनखूण साठवली.

सागरवारा
हे डॉक्टरांनी सांगितलं असतं तर मी इथे आलोच नसतो. पण थेट विषाणूवर काहीच नाही?

प्रयोगवही
प्रयत्न चालू आहेत. ईबीव्ही ओळखणाऱ्या टी पेशी बाहेरून देऊन बघितल्या. ऑस्ट्रेलियात मायकेल पेंडर यांनी ही वाट दाखवली, पण पुढे एका कंपनीची दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०२३ मध्ये अपयशी ठरली. लशींच्या चाचण्या सुरू आहेत. तुमच्या बहिणीला पुढच्या आठवड्यात यातलं काही मिळणार नाही.

कुमुद_ठाणे
विषाणू पुरे आता. मी विचारलेलं तसंच राहिलंय. ॲक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन प्रतिपिंडांची तपासणी झाली का? एनएमओ म्हणून वेगळा आजार असतो, डोळा आणि मणका त्यातही जातो, आणि एमएसची काही औषधं त्यात उलटी पडतात. मला आधी इंटरफेरॉन दिलं होतं, ते देण्याआधी ही तपासणी करून घ्या म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हट्ट धरला होता.

आणि रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी बघितलं का? नुसतं एचबीएसएजी (आत्ताचा संसर्ग दाखवणारी तपासणी) नाही, अँटी-एचबीसीसुद्धा (होऊन गेलेला दाखवणारी). जुना हिपॅटायटिस या औषधाने उलटू शकतो. टीबी बघितला का? कांजिण्या होऊन गेल्यात का? लशी राहिल्या असतील तर डॉक्टरांना आधीच विचारा, नंतर घेतल्या तर नीट लागत नाहीत, आणि जिवंत विषाणूच्या लशी तर चालतच नाहीत. लग्नाचं, मुलाबाळांचं चाललं असेल तर तेही आत्ताच बोला.

नंदूकाका
कांजिण्यांसाठी कडुनिंबाचा पाला.

सागरवारा
फाइल काढून बघितली. ॲक्वापोरिन निगेटिव्ह, मॉग निगेटिव्ह. पाठीच्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (एमएसमध्ये दिसणाऱ्या प्रतिपिंडांच्या रेघा) पॉझिटिव्ह. मेंदू आणि मानेचा मणका, दोन्हीकडे डाग. उजवा डोळा दिवाळीत अधू झाला होता, स्टेरॉइडने सुधारला. एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, अँटी-एचबीसी कुठे दिसत नाही. टीबीचा फक्त एक्स-रे. एक राहिलं, परवा तिला सर्दी-ताप आला आणि तोच डोळा पुन्हा अंधुक झाला. आता ताप उतरला तर बरा आहे. हा नवीन अटॅक का?

कुमुद_ठाणे
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! ताप आला, ऊन लागलं, कढत पाण्याने अंघोळ केली की जुनी इजा तात्पुरती वर येते. अंग थंड झालं की उतरते. मला मे महिन्यात दर वर्षी होतं. पण सर्दी-तापानंतर खरा अटॅकही येऊ शकतो. त्रास २४ तासांच्या वर टिकला किंवा काही नवीन सुरू झालं तर थांबू नका. आणि परवाचा ताप डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, अंगात संसर्ग असेल तर ते इन्फ्यूजन (सलाइनमधून औषध देणं) पुढे ढकलतील.

वैद्यबुवा
तापात गुळवेल उत्तम, एवढं तरी मान्य कराल.

तिरकस
बुवा, आता धागा भरकटवू नका.

सागरवारा
फोन केला. त्यांनी तारीख पुढे नेली. अँटी-एचबीसी आणि टीबीची रक्ततपासणी लिहून दिली, आता लॅबमध्येच आहे. ॲसायक्लोव्हिर घेत नाही. इन्फ्यूजनला किती वेळ लागतो, सोबत काय न्यायचं?

कुमुद_ठाणे
पहिल्या वेळी अख्खा दिवस धरून चाला, सलाइन अगदी हळू सोडतात. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने झोप येते. घशात खवखव, खाज, थंडी, काहीही वाटलं तर लगेच नर्सना सांगायचं, ते वेग कमी करतात. शाल न्या, तिथला एसी भयंकर असतो. डबा घरचा. आणि बीपीची गोळी चालू असेल तर त्या सकाळी घ्यायची की नाही ते आधी विचारून ठेवा.

मीनल७
आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स.