मदत हवी आहे: खाचर, वाळू आणि काळी माती, तिन्हीकडे चालतील असे तंबूचे स्क्रूवाले पेग (खुंट्या)

कासारवडवलीकर:

नमस्कार मंडळी. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. घरची चार माणसं, एक घुमटाकार तंबू आणि गाडीशेजारी सावलीला बांधायची ३ बाय ३ मीटरची ताडपत्री असा संसार. दिवाळीनंतर मे संपेपर्यंत जमेल तसं बाहेर पडतो. ठिकाणं ठरलेली आहेत. एक म्हणजे मुरबाडकडे नणंदेचं शेत, तिथे भात कापून झाल्यावर खाचरातच तंबू लावतो. दुसरं अलिबागच्या बाजूला समुद्रालगतची वाडी. तिसरं जुन्नरजवळ ओळखीच्यांचं रान, तिथे काळी माती.

तंबूबरोबर हुकाच्या ज्या बारीक सळया आल्यात, त्या मुरबाडला वाकतात आणि अलिबागला अलगद उपटून हातात येतात. ऑनलाइन शोधलं तर ड्रिलने पिळून घालायचे पेग दिसतात. लोखंडी, प्लास्टिकचे, २० सेंमी, ३० सेंमी, शिवाय कुत्रा बांधायला वापरतात तसले मोठ्या पिळाचे. किमती बघता तिन्ही प्रकार घेणं जिवावर येतंय. एकाच संचात भागेल का? ड्रिल नसेल तर हाताने फिरतात का? आणि सरळ घालायचे की तिरके?

गिरिभटक्या:

ट्रेकला नेणार असाल तर विचारही करू नका. १० मिमी जाडीचा, २० सेंमी लांबीचा लोखंडी स्क्रू साधारण १०० ग्रॅमचा भरतो. दहा घेतले की किलो झाला, वर ड्रिल वेगळं. गाडीने जाताय म्हणून ठीक आहे.

अवांतर: येऊरला तंबू लावायचा विचार कुणी करत असेल तर करू नका, ते राष्ट्रीय उद्यानात येतं.

कोचस्क्रू:

ताई, एका संचात तिन्ही जमिनी बसणार नाहीत, पण दोन प्रकारांत बसतील. कारण सांगतो. साधी सळई मातीच्या घर्षणावर टिकते. स्क्रूच्या आट्यांमध्ये माती अडकते, आणि तो उपटायचा तर आट्यांभोवतीच्या मातीचा अख्खा दंडगोल कापला जावा लागतो. म्हणजे माती जितकी घट्ट तितका स्क्रू पक्का. माती सुटी असली की आटे नुसते मिरवायला.

तुमचं खाचर म्हणजे स्क्रूसाठी आदर्श जमीन. वर चिखलणीने दाबली गेलेली माती, ती उन्हात वाळून कडक झालेली, आणि बऱ्याच ठिकाणी हातभर खाली मुरूम. इथे अरुंद आट्यांचा लोखंडी स्क्रूच हवा. प्लास्टिकच्याचं टोक मुरमाच्या खड्यावर बोथटतं, डोकं गोल होतं आणि मग तो ना आत जातो ना बाहेर येतो. मोठ्या पिळाचे तर इथे वाकणारच. ते हिरवळीसाठी, मऊ बागेसाठी.

ब्रँडेड घ्यायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात कोच स्क्रू (लाकडात पान्याने पिळायचे, षटकोनी डोक्याचे जाड स्क्रू) मागा, १० मिमी बाय २००, गॅल्वनाइझ केलेले. ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास बघा, नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहेच. डोक्याखाली जाड वायसर आणि दोरी अडकवायला लोखंडी कडी किंवा पत्र्याची पट्टी घातली की पेग तयार. फक्त एक बघून घ्या: कोच स्क्रूला आटे पूर्ण लांबीला नसतात, खालच्या साधारण ६० टक्के भागालाच असतात. म्हणून अर्धवट घालून सोडू नका, डोकं जमिनीला टेकेपर्यंत घाला.

काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेजवळ घातलेला स्क्रू ढेकळासकट येतो, तेव्हा दोन भेगांच्या मधली सलग जागा शोधा. तीच माती ओली झाली की फुगते आणि मऊ पडते. तिथे २० सेंमीवर विसंबू नका, ३० वाले घ्या.

कासारवडवलीकर:

कोचस्क्रू दादा, फार उपयोगी. वाळूचं काय मग? आणि तिरके की सरळ ते राहिलं.

खाजणातला:

वाळूचं मी सांगतो, आमचं उरणकडचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. कोरड्या वाळूत कोच स्क्रू विसरा. रुंद पात्याचे प्लास्टिकचे लांब स्क्रू मिळतात, ते ओलसर, दबलेल्या वाळूत बरे. पण खरा उपाय फुकटचा आहे. तांदळाची रिकामी गोणी घ्या, दोरीचं टोक तिच्या मध्यावर बांधा, गोणी वाळूने भरा आणि फूट-दीड फूट खोल आडवी पुरा. दोरी बाहेर येते तिथे तंबूच्या दिशेने तिरकी चर काढा, म्हणजे दोरी सरळ ताणली जाते. वरून वाळू लोटून पायाने दाबा, बादलीभर पाणी ओता. सुरूची झाडं जवळ असतील तर दोन बाजू त्यांनाच बांधा.

भरतीची खूण बघून तिच्या बऱ्याच वर तंबू लावा, आणि अमावास्या-पौर्णिमेला अजून वर. शिवाय दुपारी वारा समुद्रावरून येतो, रात्री उलटा फिरतो. फक्त समुद्राकडची बाजू घट्ट बांधून झोपणारे पहाटे ताडपत्री शोधत हिंडतात.

कोचस्क्रू:

गोणीला माझं अनुमोदन.

आता कोनाबद्दल. ठोकायची सळई तंबूपासून बाहेर झुकलेली ठोकतात, ते बरोबरच आहे. स्क्रू मात्र उभाच घाला, फार तर डोकं किंचित तंबूपासून दूर. तिरपा घालायला गेलात की टोक पृष्ठभागावर घसरतं, भोक रुंद होतं आणि पहिल्याच आट्यांची पकड जाते. कोनापेक्षा दोरी कुठे अडकते ते जास्त महत्त्वाचं. स्क्रू चार बोटं वर राहिला आणि दोरी डोक्याशी बांधली, तर वारा त्याला तरफेसारखा हलवून भोक सैल करतो. खाली दगड लागून स्क्रू पूर्ण गेला नाही तर काढून वीतभर बाजूला घाला. जागाच नसेल तर दोरी निदान जमिनीलगत बांधा.

आकड्यांत सांगायचं तर ताशी ५४ किमीचा वारा समोरून आला की चौरस मीटरला साधारण १४ किलोचा दाब पडतो. तुमची ताडपत्री ९ चौरस मीटर, म्हणजे ती वाऱ्यापुढे उभी झाली तर सव्वाशे किलोच्या आसपास. सहा पेगांत तो भार सारखा वाटला जात नाही, वाऱ्याकडचे दोन-तीनच तो झेलतात. मे महिन्यात वळवाचा पाऊस येण्याआधी जे वावटळ सुटतं, त्यात असा झोत सहज येतो. तंबू राहू द्या, ताडपत्री आधी उतरवा.

एक युक्ती: बॅगेचं वजन करायचा लटकता काटा दोरीला अडकवून, दोरी ज्या दिशेने जाणार त्याच दिशेने ओढा. ३० किलोला पेग हलला नाही तर नेहमीच्या वाऱ्यापुरतं निर्धास्त राहा. हलला तर जागा बदला किंवा थोड्या अंतरावर दुसरा घालून दोघांना एका दोरीत घ्या.

घणसोलीची गच्ची:

मध्येच विचारते, सोसायटीच्या गच्चीवर मुलांसाठी तंबू लावायचाय. तिथे हेच चालेल?

गिरिभटक्या:

गच्चीला भोक पाडाल तर वॉटरप्रूफिंगचं बिल सेक्रेटरी तुमच्याच घरी आणून देतील. पाण्याने भरलेले २० लिटरचे कॅन चारही कोपऱ्यांना बांधा. वारा वाढला की तंबू आवरा.

कासारवडवलीकर:

ड्रिलचं सांगा ना. घरी भिंतीला भोकं पाडायचं वायरवालं आहे, ते शेतात काय कामाचं!

कोचस्क्रू:

बॅटरीवरचं लागेल. १२ व्होल्टचं मऊ मातीत ठीक, कडक मुरमात दमतं. १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (फिरवताना ठोकेही देणारं स्क्रू पिळायचं यंत्र) कुणाकडून मागून आणता आला तर उत्तम. वेग कमी ठेवा. वेगाने फिरवला तर स्क्रू पुढे जायच्या आधीच माती भुसभुशीत करून टाकतो. जमीन अगदीच दगडासारखी असेल तर आधी ८ मिमीच्या लांब बिटने वाट करून द्या. स्क्रूपेक्षा जाड बिट घालाल तर आट्यांना धरायला काही उरणार नाही.

हातानेही होतं, रॅचेटचा पाना घ्या. उन्हाळ्यात खाचरात हाताने फिरवणार असाल तर जागेवर तांब्याभर पाणी ओतून चहा होईपर्यंत थांबा. काढताना मात्र ओढू नका, उलटा फिरवूनच काढा, आणि आट्यातली माती लगेच झटका. काळी माती वाळून बसली की पुढच्या वेळी तो स्क्रू नुसता खिळा.

आणि नणंदबाईंना पाण्याची पाइपलाइन कुठून गेलीय ते आधी विचारा.

कासारवडवलीकर:

हाहा, ते तर पहिलं विचारीन, नाहीतर पुढच्या वर्षी आमंत्रण नाही!

तर मग आठ २०० चे आणि चार ३०० चे कोच स्क्रू, आणि अलिबागला गोण्या. घरातल्या संचात १३, १७ आणि १९ चे सॉकेट आहेत. कुठला बसेल?

कोचस्क्रू:

१० मिमीच्या स्क्रूला १७ चा. दुकानदाराने १२ मिमीचे गळ्यात मारले तर १९ चा. ३०० लांबीत दुकानात बऱ्याचदा १२ चेच असतात, म्हणून दोन्ही सॉकेट बरोबर ठेवा. ड्रिलला सॉकेट जोडायचा षटकोनी दांड्याचा अ‍ॅडॉप्टर त्याच दुकानात मागून घ्या.